‘मी त्यांच्या सेवेच्या आड येते आहे का?’

केनियात मोंबासाजवळ राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा सारांश देते.

‘आदरणीय ताई, जय ख्रिस्त. आम्ही मूळचे नाशिकचे. माझे यजमान पाळक आहेत. तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, त्यांना इथल्या किनारपट्टीवरच्या तरुण सेवकांना शिकवण्यासाठी पाठवले. नाशिकला मी 11 वर्षे नर्स होते. ती नोकरी सोडून आले. इथे त्यांच्यावर अवलंबून असलेली पत्नी म्हणून माझा पास असल्याने मला काम करता येत नाही. यजमान महिन्यातले पंधरा-वीस दिवस खेड्यांत असतात. थोरली बारा वर्षांची आहे, धाकटा सात. थोरली हल्ली आमच्याशी फारसे बोलत नाही. “मी नक्की कुठली?” असे एकदा विचारले आणि गप्प झाली. आता मंडळीने आणखी तीन वर्षांबद्दल विचारले आहे आणि यजमानांचा मनातून होकार दिसतो. थोरलीला नैरोबीपलीकडच्या वसतिशाळेत ठेवावे, असेही सुचवले जात आहे. नाशिकला सासूबाई एकट्या आहेत. मी “नको” म्हटले की घरात कोणी बोलेनासे होते आणि मला वाटते, देवाच्या कामात मी धोंडा झाले आहे. मी त्यांच्या सेवेच्या आड येते आहे का?’

प्रिय भगिनी,

जय ख्रिस्त. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते मिळेपर्यंत पुढचे काही तुमच्या मनात उतरणार नाही. तुम्ही कोणाच्याही सेवेच्या आड येत नाही. मात्र तुमच्या मूळ पत्रात ‘त्यांची सेवा’ हे शब्द सहा वेळा आले आहेत आणि ‘आमची सेवा’ एकदाही आलेले नाही, आणि माझ्या मते गाठ तिथेच बसली आहे. पाठवणीच्या उपासनेत मंडळीने तुम्हा दोघांना पुढे उभे केले असेल, दोघांवरही हात ठेवून प्रार्थना केली असेल. पण नेमणुकीचे पत्र एकाच्या नावाने निघाले, परवाना एकाच्या नावाचा झाला, अहवालाखाली सही एकाचीच होते, आणि तुमची गणती हळूहळू सामानासुमानात होऊ लागली.

हे मी काठावर उभी राहून बोलत नाही. आम्ही उभयता टांझानियात टांगा या बंदराच्या गावी नऊ वर्षे होतो. यजमान शिकवायला गेले होते आणि मी, आमच्या कागदपत्रांच्या भाषेत, ‘सोबत’ गेले होते.

निर्गमाचा अठरावा अध्याय आपल्याकडे कारभारी मंडळाच्या निवडणुकीच्या सुमारास हमखास उपदेशाला येतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे निवाडे करीत बसलेला असतो, त्याचा सासरा इथ्रो ते पाहून ‘हे तुला एकट्याला झेपणार नाही’ असे सांगतो, आणि मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमले जातात. त्या अध्यायाच्या पहिल्या ओळींवरून मात्र सगळे भरभर पुढे जातात. इथ्रो कारभाराचे धडे द्यायला आलेलाच नव्हता. मोशेने बायको सिप्पोरा आणि दोन मुलगे यांना माघारी पाठवून दिले होते, आणि तो वृद्ध माणूस त्या तिघांना घेऊन रानातल्या तळावर जावयाकडे आला होता. कुटुंब आधी तंबूत आले आणि कामाची वाटणी त्यानंतर दुसऱ्या दिवशी झाली. त्यातल्या एका मुलाचे नाव गेर्षोम. परक्या मुलखात मी उपरा झालो, असा त्या नावाचा अर्थ मोशेनेच सांगितलेला आहे. बापाने स्वतःचे उपरेपण लेकाच्या नावावर चढवून ठेवले, असे मला ते वाचताना दरवेळी वाटते. तुमच्या थोरलीचा प्रश्न यजमानांपुढे मांडताना हा अध्याय उघडून ठेवा. ते पाळक आहेत. शास्त्र उघडे असले की आपली माणसे जरा अधिक नीट ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

तुमच्या मनात जी अपराधाची भावना आहे तिला मोठा इतिहास आहे, आणि त्याचा एक तुकडा तुमच्या घरापासून फार दूर नाही. 1844 साली योहान लुडविग क्राफ हा जर्मन मिशनरी मोंबासात उतरला आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्याची पत्नी रोझिना तापाने वारली. तिच्यामागोमाग काही दिवसांचे बाळही गेले. न्यालीच्या बाजूला तिची कबर आहे. ही कबर म्हणजे या किनाऱ्यावरील कामाला प्रारंभ झाल्याची खूण समजावी, अशा अर्थाचे क्राफने मायदेशी लिहिले. त्याच्या दुःखाविषयी मला शंका नाही. तापाने स्वतःही अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाला दुसरा कोणता आधार होता? पण त्या ओळींवर पुढे पिढ्यान्‌पिढ्या उपदेश झाले आणि बायकोमुलांचे हाल म्हणजे कामाच्या पायाभरणीचे दगड, असा हिशेब मिशनरी जगाच्या अंगवळणी पडला. आफ्रिकेतला प्रसिद्ध स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने 1852 साली पत्नी मेरी आणि चार मुलांना केपटाऊनहून जहाजात बसवून ब्रिटनला पाठवले. पुढची चार वर्षे ती आफ्रिकेत जन्मलेली बाई तिथे पैशाच्या ओढाताणीत, स्वतःचे म्हणावे असे घर नसताना, मुलांना घेऊन राहिली. नंतर ती नवऱ्याकडे आफ्रिकेत परत आली आणि 1862 साली झांबेझीच्या काठी शुपांगा येथे तापाने वारली. मुलांशी पुरेसे खेळलो नाही, ही खंत लिव्हिंग्स्टनने पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. त्याची थोरवी कमी करण्यासाठी मी हे सांगत नाही. ज्यांनी ही किंमत दिली त्यांना देण्यापूर्वी कोणी विचारले नव्हते, एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे. तुम्हाला मात्र मंडळीने विचारले आहे. त्या पत्राला दोघांचे उत्तर गेले पाहिजे.

आता तुमच्या कामाविषयी. स्वाहिलीतली एक म्हण तुमच्या कानावर नक्की आली असेल: ‘म्गेनी सिकू म्बीली, या तातू म्पे जेम्बे’, म्हणजे पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. टांग्याला पहिल्याच आठवड्यात मला एका शेजारणीने उपासनेची वेळ ‘सा तातू’ सांगितली. तातू म्हणजे तीन एवढे मला कळत होते, म्हणून मी दुपारी तीनला इस्त्रीची साडी नेसून, बायबल काखेत घेऊन देवळाशी गेले, तर दाराला कुलूप आणि आवारात एक कोंबडा नि राखणदार. तिकडे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे ‘तिसरा तास’ म्हणजे सकाळचे नऊ, हे मला त्या राखणदाराने बोटांवर मोजून समजावले आणि भाजलेल्या कसावा कंदाचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला. पुढच्या रविवारी ही हकिकत गावभर झालेली होती. बायका पोट धरून हसल्या आणि प्रीतिभोजनासाठी कसावा सोलायला मला त्यांनी आपल्यात बसवून घेतले. माझी कुदळ ती. यजमानांच्या कार्यालयाने मला नऊ वर्षांत असे काम एकदाही दिले नाही.

तेव्हा काम मागायचेच तर मंडळीच्या समितीकडे न मागता तिथल्या बायकांकडे मागा. तुमच्या पत्रात एक ओळ आहे: शेजारची मुस्लिम बाई सकाळी महाम्री, म्हणजे तळलेल्या गोडसर पुऱ्या, आणि नारळाच्या रसातली म्बाझी पाठवते आणि तुम्ही भांडे रिकामे परत द्यायला लाजता. अहो, म्बाझी म्हणजे आपली तूरच की! त्याच भांड्यातून आमटी पाठवा आणि सोबत स्वतःही जा. सुवार्तेचे काय, असे कोणी विचारील. ज्या घरात आपण धड चहा प्यायलो नाही तिथे सुवार्ता सांगण्याची घाई मला अजून उमगलेली नाही. नर्सिंगच्या बाबतीत मात्र उत्साहाच्या भरात काही करू नका. तुमच्या पासावर पगार न घेताही रुग्णांना तपासणे किंवा औषध देणे चालते का, हे तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात आणि केनियाच्या नर्सिंग कौन्सिलकडे लेखी विचारा, आणि नोंदणी व वेगळा परवाना शक्य असेल तर त्याचा खर्च नव्या मुदतीच्या अटींत मंडळीकडून मागा. अकरा वर्षांचा अनुभव असलेल्या नर्सला सहा वर्षे घरी बसवणे हा सेवेचाही अपव्ययच आहे, आणि समितीला तो याच शब्दांत सांगायला हरकत नाही.

थोरलीबद्दल मला अधिक बोलायचे आहे. नाशिकच्या शरणपूर रस्त्याने तुम्ही शेकडो वेळा गेला असाल. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरमाराने अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडली आणि त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली. त्यांतली कितीतरी चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या वस्तीत वाढली. तिथे त्यांना अक्षरांबरोबर सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले जाई. त्यांतले नऊ तरुण 1866 साली लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेले. शरणपूरलाच शिकलेला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ होता, आणि 1874 साली वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेतल्या अंत्यविधीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. पुढे 1875 साली, पूर्वी शरणपूर सांभाळलेल्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी मोंबासासमोरच्या किनाऱ्यावर फ्रेअरटाऊन वसवले, आणि नाशिकहून आलेले हे लोक तिथे राहू लागले. त्यांना तिकडे काय म्हणत ठाऊक आहे? ‘बॉम्बे आफ्रिकन’. आफ्रिकेत जन्मलेली माणसे आफ्रिकेत परतली आणि मुंबईची ठरली. गोऱ्या मिशनऱ्यांना ती बरोबरीची वाटली नाहीत आणि तिथल्या लोकांना ती आपली वाटली नाहीत. त्यांच्यातलेच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर पुढे त्या किनाऱ्यावरचे पहिले आफ्रिकी धर्मसेवक झाले, हे खरे. पण कोठे जायचे आणि कोठे राहायचे हे त्यांच्या लहानपणी दुसऱ्यांनी ठरवले होते, हेही तितकेच खरे.

नाशिकहून त्याच किनाऱ्यावर आलेली बारा वर्षांची मुलगी ‘मी नक्की कुठली?’ असे विचारते, तेव्हा ‘तू भारताची, तू नाशिकची’ हे घाईचे उत्तर देऊ नका. तिला ते खोटे वाटेल, कारण शाळेत ती स्वाहिलीत हसते, भावाशी स्वाहिलीत भांडते आणि तुमच्याशी मराठीत गप्प बसते. 1950च्या दशकात रूथ उसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करीत होत्या, तेव्हा त्यांना अशी मुले दिसली: आईबापांच्या देशाची पुरती नव्हेत आणि राहत्या देशाचीही पुरती नव्हेत, पण आपल्यासारख्याच इतर मुलांत एकदम रमणारी. त्यांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ हे नाव त्यांनीच दिले. हे काही दुखणे नाही. फक्त अशा मुलांना आपण कोठले हे एका गावाच्या नावाने सांगता येत नाही, आणि तसे सांगण्याची सक्ती घरातून तरी होऊ नये.

वसतिशाळेबाबत माझे मत स्पष्ट आहे: या वर्षी नको. मिशनरी मुलांसाठी वसतिशाळा ही जुनी रीत आहे. आपल्याकडे कोडाईकनालची शाळा 1901 साली आणि केनियात किजाबेची 1906 साली याच गरजेतून निघाली, आणि अशा शाळांतून मुले चांगली घडलीही आहेत. माझा थोरला चौदाव्या वर्षी स्वतः हट्ट करून गेला आणि सुट्टीत घरी यायला नाखूश असे. धाकटीला मात्र आम्ही आमच्या दौऱ्यांच्या सोयीसाठी पाठवले, तेही ‘दादा गेला ना?’ असे म्हणून. आज ती दोन मुलांची आई आहे आणि त्या पहिल्या सत्राविषयी बोलताना अजून तिचा आवाज खाली जातो. शाळा तीच होती. एकाने मागितली होती आणि दुसरीवर ती पडली, एवढाच फरक. जी मुलगी आधीच गप्प आहे तिला घरापासून पाचशे किलोमीटरहून लांब पाठवले, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असेच ती समजेल.

याच ठिकाणी एक साधा हिशेब मांडा, जो समितीच्या पत्रात कोणी मांडलेला दिसत नाही. आणखी तीन वर्षे म्हणजे मुदत संपेल तेव्हा ती पंधरा वर्षांची असेल. म्हणजे ऐन दहावीच्या तोंडावर तिला केनियाच्या अभ्यासक्रमातून उचलून भारतात आणावे लागेल. तेव्हा थांबायचे असेल तर तिचे दहावीपर्यंतचे शिक्षण कोणत्या बोर्डाचे, ते कोठे पुरे होणार आणि फी कोण भरणार, हे होकाराच्या आधी ठरले पाहिजे. मोंबासात ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या दिवसाच्या शाळा आहेत. तिकडे चौकशी करा. ‘देव पुरवील’ हे फीच्या रकान्यात लिहिता येत नाही. आमच्या समितीने ते लिहिले होते, आणि शेवटी पुरवठा माझ्या बांगड्यांतून झाला.

सासूबाईंचा प्रश्न याहून सोपा नाही, पण त्याचे रोजचे एक अंग तुमच्या हातात आहे. तुम्ही रात्री आठला फोन लावता म्हणून त्या अर्धवट झोपेत बोलतात. तुमचे आठ म्हणजे नाशिकचे साडेदहा. साडेचारला लावा, तिकडे सात वाजलेले असतील आणि त्यांचा चहा-देवळाचा वेळ आटोपलेला असेल. मुलांना ‘आजीशी बोला’ एवढेच सांगितले तर ‘बरी आहेस का’च्या पुढे गाडी जात नाही. त्याऐवजी आजीला काम द्या. तिने रोज एका स्तोत्राची चार वचने मराठीत म्हणावीत आणि मुलांनी ती लिहून घ्यावीत. बदल्यात मुलांनी तिला दोन स्वाहिली शब्द शिकवावेत. सबुनी म्हणजे साबण, दुका म्हणजे दुकान, किताबू, हिसाबू, दुनिया, आणि जेवायचे मेज म्हणजे मेझाच! हे शब्द आजीला ओळखीचे निघतील आणि नातवंडे अगदीच परक्या मुलखात नाहीत असे तिला वाटेल. पण त्यांच्या तब्येतीची जबाबदारी फोनवर निभत नाही. नाशिकमधल्या मंडळीतील दोन घरांची नावे लेखी ठरवून घ्या, ज्यांनी आठवड्याला जाऊन यायचे आणि दवाखान्याची वेळ आली तर बरोबर जायचे. तुम्हाला पाठवणाऱ्या मंडळीची पाठवण विमानतळावर संपत नाही.

मायदेशी जाणाऱ्या प्रार्थनापत्रांविषयी थोडेच सांगते. त्यांत मुलांचे फोटो आणि आजार घालणे बंद करा, निदान थोरलीला विचारल्याशिवाय नको. आमच्या मुलाचा हिवताप एका वार्षिक अहवालात ‘विश्वासाची साक्ष’ म्हणून छापला गेला होता. त्या साक्षीत त्याने अंथरूण ओले केल्याचाही उल्लेख होता, आणि नाताळच्या सुट्टीत आम्ही घरी आलो तेव्हा रविवारच्या शाळेतल्या मुलांनी तो त्याला वाचून दाखवला. सर्वांसाठीच्या पत्रात कामाचे लिहावे. खरी परिस्थिती कळवण्यासाठी दोन-तीन विश्वासाची माणसे निवडावीत, आणि त्यांतले एक तरी समितीवरचे नसावे.

आता समितीला काय कळवायचे? माझ्या मते आत्ता होकारही देऊ नका आणि नकारही देऊ नका. दोघांच्या सहीने असे लिहा की तीन वर्षे पूर्ण झाल्याने आधी आम्हाला चार ते सहा महिने घरी यायचे आहे, तिथे पूर्णवेळ दौरे आणि भाषणे नसतील, आणि त्यानंतर आम्ही उत्तर देऊ. त्यासोबत मुलांचे शिक्षण, तुमचा परवाना, सासूबाईंची व्यवस्था, आणि यजमानांनी महिन्यात जास्तीत जास्त किती रात्री बाहेर राहायचे, या गोष्टी लेखी मागा. शेवटची अट लिहायला यजमानांना संकोच वाटेल. तीच सर्वांत आधी लिहा. मंडळीच्या ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च करायचा तर आयकराचे नियम वेगळे आहेत, तेव्हा ‘पाहू, करू’वर न थांबता ट्रस्टच्या सीएचे उत्तर घ्यायला सांगा. आणि निघण्यापूर्वी चौघांचे पीतज्वराच्या लशीचे दाखले पासपोर्टात आहेत ना ते पाहा. केनियाहून येणाऱ्यांना भारतात ते विचारतात आणि दाखला नसेल तर विलग ठेवतात.

यजमानांशी हे बोलताना ‘तुम्ही’ने सुरुवात होऊ देऊ नका, नाहीतर ते बचावाला उभे राहतील आणि तुम्ही रडायला लागाल, आमच्याकडे चार वर्षे हेच चालले होते. त्यांना वाईट माणूस ठरवण्यासारखे तुमच्या पत्रात मला काही सापडले नाही. खेड्यात त्यांची वाट पाहणारे तीस चेहरे आहेत आणि घरी तीन गप्प चेहरे आहेत. माणूस कुठे अधिक रमेल हे सांगायला नको. तुमच्या मौनाचा अर्थ ते होकार असा लावत असतील, हीही शक्यता धरा.

येत्या एखाद्या शनिवारी चौघे मिळून केंगेलेनीला जा. ‘केंगेले’ म्हणजे घंटा. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की फ्रेअरटाऊनची माणसे ती वाजवीत, आणि त्या चौकाला नाव तिच्यावरूनच पडले. नाशिकहून त्या किनाऱ्यावर आलेल्या माणसांची गोष्ट थोरलीला तिथे सांगा, आणि ती यजमानांना सांगू द्या, कारण इतिहास त्यांचा आवडीचा आहे असे तुम्ही लिहिले आहे. सांगून झाल्यावर तिला प्रश्न विचारू नका. येताना रस्त्यावर मडाफू, म्हणजे शहाळे, घ्या. ती बोलली तर बोलली. मात्र त्या शनिवारी यजमानांना दुसरी कोणतीही बैठक ठेवू देऊ नका.

तुमची,
ताई